चिमणीखालचं घर

४ डिसेंबर

प्रिय चिमे,

तुला पोटभर आशीर्वाद, आमच्या भाचीबाई खारूताईला एक पापा आणि जावईबापूंना नमस्कार.

तुझं पत्र सोमवारी मिळालं. हाताने पत्ता लिहिलेलं पाकीट वसाहतीच्या गेटवर किती वर्षांनी आलं असेल कोण जाणे. तिथल्या सुरक्षारक्षकाने ते उलटंपालटं करून बघितलं आणि काळजीने मला विचारलं, "कोर्टाचं नाही ना?" म्हटलं, नाही रे बाबा, बहिणीचं आहे. तर म्हणतो, "मग तर नीट बसून वाचा."

नीट बसूनच वाचलं. मी फोन उचलत नाही म्हणून रागाने पत्र लिहिलंस, ते पहिल्या ओळीतच समजलं. अगं, कंट्रोल रूममध्ये फोन नेता येत नाही, आणि घरी आल्यावर कधी काय, कधी काय. ते जाऊ दे. तू जे विचारलंस ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतंच. निवांत लिहायचंच काम आहे.

तर तुझा प्रश्न. पेट्रोलची गाडी विकून विजेवरची घ्यावी का. जावईबापू म्हणतात हे चार दिवसांचं खूळ आहे. तुझ्या शाळेतल्या भूगोलाच्या बाई म्हणतात, धूर काही नाहीसा होत नाही, तो दुसरीकडून निघतो. आणि तू सगळ्यांना सांगून बसलीस की माझा दादा तीस वर्षं वीज बनवतोय, त्यालाच विचारते. वीज मी बनवत नाही गं. कोळसा जळतो, पाण्याची वाफ होते, वाफेने चक्र फिरतं आणि मी काचेआड बसून काटे बघतो. पण विचारलंसच, तर जे माहीत आहे ते सांगतो.

आधी रोजच्या वापराचं बघू. तुझं घर ते शाळा अकरा किलोमीटर. जाऊन येऊन बावीस. एवढ्याला कुठलीही गाडी पुरते. कंपनी कागदावर तीनशे किलोमीटर लिहीत असेल तर तू सव्वादोनशे धर, उन्हाळ्यात एसी लावलास तर त्याहून कमी. मुलगी बघायला येणारे आणि गाडी विकणारे दोघंही थोडं वाढवूनच सांगतात. खरी अडचण आहे चार्जिंगची. तू चौथ्या मजल्यावर, गाडी तळाला. वरून वायर सोडायचा विचार आला असेल तर आत्ताच काढून टाक. खाली स्वतंत्र पॉइंट घ्यावा लागेल, त्याला चांगलं अर्थिंग हवं, आणि त्याआधी तुमच्या सोसायटीच्या त्या चेअरमनला हो म्हणायला लावायचं. बॅटरीपेक्षा तेच अवघड दिसतंय. बॅटरी आठ-दहा वर्षांनी थकते, आपल्यासारखीच. पण ऑइल बदलणं नाही, क्लच नाही, गॅरेजच्या फेऱ्या कमी.

आता धुराचं. तुमच्या भूगोलाच्या बाई अर्ध्या बरोबर आहेत. पेट्रोलच्या गाडीत शंभर भाग जाळलेस तर चाकापर्यंत वीस-पंचवीस पोचतात, बाकी नुसता चटका. सिग्नलला तर ती उभ्या उभ्या पीत असते. आमच्याकडे कोळशाच्या शंभर भागांतून वीज होते पस्तीस भाग, तारांमधून जाताना आणखी गळते, पण पुढे विजेची गाडी मिळालेलं फार वाया घालवत नाही. म्हणजे नुसत्या कोळशाच्या विजेवर गाडी चालवलीस तर फरक एकोणीस-वीसचाच. पण तुझ्या घरातल्या तारेत एकटा कोळसा नसतो. पाण्याची, उन्हाची, वाऱ्याची वीज त्यात मिसळलेली असते, आणि दर वर्षी थोडी वाढतेय. पेट्रोलची गाडी मात्र जुनी होईल तशी जास्तच घाण करणार.

पण एक विसरू नकोस. बॅटरीसाठी कुठेतरी डोंगर पोखरलेला असतो, भट्ट्या पेटलेल्या असतात. ती गाडी पहिल्याच दिवशी डोक्यावर पाप घेऊन दारात येते. ते फेडायला तिला काही वर्षं चांगली पळवावी लागते. रोजचे बावीस किलोमीटर बसनेच गेलीस तर सगळ्यात बरं, असंही मी म्हणेन. पण पाठीवर वह्यांचं गाठोडं आणि बरोबर खारूताई, म्हणजे ते कुठलं जमायला.

तिच्यासाठीच तू हे सगळं विचारतेस, ते मला समजतंय. तिला धाप लागली की तू खिडक्या बंद करून बसतेस, असं लिहिलंस. खाली चौकात सिग्नल, आणि गाड्यांचं धुराडं बरोबर मुलांच्या नाकाच्या उंचीला. तिथून तो धूर हटला तर तिला बरं वाटेल, यात शंका नाही. आमची चिमणी दोनशे मीटर उंच. शिवाय तिच्या आधी राख पकडणारं यंत्र बसवलेलं असतं, आम्ही त्याला ईएसपी म्हणतो. शंभरातले नव्व्याण्णव कण ते धरून ठेवतं. कागदोपत्री तरी.

लहानपणी घरातली चिमणी तू होतीस. तू लग्न करून उडून गेलीस आणि मी या दुसऱ्या चिमणीखाली येऊन पडलो. हे आपलं उगाच.

वहिनी ठीक आहे. शिवणकाम चालू आहे. तुला आशीर्वाद सांगितलाय.

तुझा,
दादा

१९ जानेवारी

प्रिय चिमे,

आशीर्वाद.

तू असं पत्र लिहिशील याची मला धास्ती होती. लहानपणीसुद्धा असंच. सगळे गप्प बसायचे तेव्हा नेमका तुझा हात वर.

तू लिहिलंस, "दादा, चार्जिंग पॉइंटवर पानभर लिहिलंस आणि धूर कुठे जातो ते दोन ओळींत उरकलंस. माझ्या चौकातला धूर कमी होणार, तो कुणाच्या दारात पडणार? सरळ सांग, मी मोठी झाले आहे."

आमच्या.

सगळाच नाही. चिमणी उंच असल्यामुळे बराचसा दूर जातो, पसरतो. पण हिवाळ्यात हवा जड असते, वारा पडलेला असतो आणि आमची क्वार्टर्स चिमणीच्या खालच्या अंगाला आहेत. सकाळी टेबल पुसायचं, दुपारी त्यावर बोटाने नाव लिहिता येतं. दोरीवरचे पांढरे कपडे संध्याकाळी पांढरे नसतात. तुझी वहिनी वसाहतीतल्या मुलांचे शाळेचे गणवेश शिवते. शर्ट शिवून झाला की लगेच प्लास्टिकच्या पिशवीत घालते, नाहीतर तो नवेपणीच जुना दिसतो. राख खरखरीत असते असं तुला वाटत असेल. हातावर घेतली तर ती पावडरसारखी मऊ असते, जवळजवळ छान लागते.

आणि आता वहिनीचं. तू लिहिलंस की तिने दोन ओळीही लिहिल्या नाहीत. "माझ्या जिन्यावरून ती परत फिरली, ते मी विसरलेले नाही," असंही लिहिलंस.

त्या दिवशी काय झालं ते सांगतो. तुम्ही घर घेतलंत, आम्ही दोघं बघायला आलो. तिने स्वतः शिवलेले पडदे आणले होते. पहिला जिना ती चढली. दुसऱ्याच्या अर्ध्यावर थांबली, कठड्याला धरून. तिचे ओठ निळे पडले होते. मी म्हटलं, "चिमीला हाक मारतो." तिने माझी बाही धरली. बोलायला श्वास नव्हता, नुसती मान हलवली. मग पायरीवर बसली आणि पाचेक मिनिटांनी म्हणाली, "तुम्ही वर जा. सांगा, डोकं दुखतंय. मी टॅक्सीत बसते." म्हटलं, तिला खरं सांगू दे मला. तर म्हणते, "नको. ती गोड बोलायला लागली की मला जास्त धाप लागेल."

वर येऊन मी डोकेदुखीचं सांगितलं. तू चहाचा कप माझ्यापुढे जरा जोरातच ठेवलास. पडदे तेवढे घेतलेस. मी तुझ्यासमोर बसून बिस्किटं खाल्ली, चिमे. खाली ती टॅक्सीत श्वास मोजत बसली होती आणि मी तुझ्या स्वयंपाकघराच्या फरश्यांचं कौतुक करत होतो.

त्याला आता दोन वर्षं होतील. फुप्फुसांना आतून जाड व्रण धरलेत. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी छातीचा फोटो बघून पहिला प्रश्न विचारला, "या खाणीत कामाला होत्या का?" ती म्हणाली, "शिलाई मशीनवर." त्यांनी परत फोटो बघितला. मी विचारलं, राखेमुळे का? ते म्हणाले, असं एकच कारण मला लिहून देता येणार नाही, दुसरंही काही असू शकतं. खरं बोलले ते. मला त्या "दुसऱ्याही काही"चा फार आधार वाटला. अजून वाटतो.

गेल्या पावसाळ्यापासून घरी ऑक्सिजनचं यंत्र आहे. दिवसाचे बारा-चौदा तास लावावं लागतं. ते घरघरतं, मध्येच फुस्स करतं. दोन खोल्यांच्या घरात फोन उचलला की तो आवाज पलीकडे जातोच. म्हणून फोन नाही. तुला वाटलं दादा बदलला.

हे सगळं तुला लिहायचं नाही असं तिने बजावलं होतं. मी लिहिलंय. आता तू तिला दया दाखवणारं काही लिहू नकोस. तिच्याशी भांडण कर हवं तर. पडद्यांची लांबी कमी पडली म्हणून भांड.

ईएसपीबद्दलही तू विचारलंस, की नव्व्याण्णव कण धरत असेल तर मग एवढी राख येते कुठून. यंत्र चांगलं आहे. पण ते चालवायला वीज लागते. आमच्या वीजकेंद्राचीच वीज खातं ते. मग बाहेर पाठवायला तेवढी कमी उरते, आणि वरून विचारणा होते. धुक्याच्या दिवसांत चिमणीतून काय निघतंय ते कुणालाच दिसत नाही. तेव्हा ते बंद ठेवलं जातं. सगळं नाही, निम्मं. धुकं विरलं की परत चालू केलं जातं. हे इथेच नाही, बऱ्याच ठिकाणी होत असेल.

गाडीबद्दल माझं मत तेच आहे. घे. पण घेतल्यावर लोकांना "आमची स्वच्छ गाडी" असं सांगू नकोस. "कमी घाण करणारी" म्हण. तेवढंच खरं आहे.

खारूताईची धाप कशी आहे, लगेच कळव.

दादा

१४ मार्च

चिमे,

हे पत्र मी चार वेळा सुरू केलं. गाडी घेतल्याचं तुझं पत्र येऊनही दोन आठवडे झाले. सेकंडहँड का असेना, चांगली मिळाली. चेअरमननी सही दिली याचंच मला जास्त आश्चर्य वाटतं. खारूताई मागच्या सीटवर झोपून जाते, गाडीला आवाजच नाही म्हणून, हे वाचून बरं वाटलं.

पण त्याच्या आधीच्या पत्राबद्दल बोलायला हवं.

तू माझ्या जानेवारीच्या पत्राचं शेवटचं पान परत पाठवलंस. "तेव्हा ते बंद ठेवलं जातं" या वाक्याखाली लाल रेघ मारून समासात लिहिलंस, "कर्ता?" मुलांच्या वहीत लिहितेस तसं. तू रागाने लिहिलं नसशील. खरं तर तुला ते आपसूकच दिसलं असणार. वीस वर्षं व्याकरण शिकवतेस, तुला न दिसून कसं चालेल.

ते पाकीट मी उघडलं नाही. मी ड्यूटीवर होतो. वहिनीने उघडलं. तू तिच्यासाठीही वेगळी चिठ्ठी घातली होतीस, पडदे वीतभर तोकडे आहेत म्हणून. ती वाचून ती हसली असणार, कारण मी घरी आलो तेव्हा ती चिठ्ठी मशीनच्या खणावर उभी करून ठेवली होती. माझं पान मात्र तिच्या हातात होतं. नाकाला नळी, चष्मा कपाळावर.

"चिमीने काय विचारलंय?" ती म्हणाली.

मी बूट काढत होतो. म्हटलं, "तिला सवय आहे चुका काढायची."

"ही चूक नाही. प्रश्न आहे. कोण बंद ठेवतं?"

"वरून सांगतात."

"सांगतात वरून. बटण कुणाच्या हातात असतं?"

मी दुसरा बूट काढला. दोन्ही बूट नीट शेजारी शेजारी लावले. तीस वर्षांत मी ते कधी नीट लावले नव्हते. मग म्हटलं, "माझ्या."

चिमे, अकरा हिवाळे. सकाळच्या पाळीला धुकं दिसलं की शिफ्टचा साहेब काचेतून बाहेर बघायचा आणि नुसतं म्हणायचा, "आज हलकं चालवू या." त्याने कधी लेखी दिलं नाही, कधी पूर्ण वाक्यही बोलला नाही. मी ईएसपीचे चार स्विच खाली ओढून बंद करायचो. लॉगबुकात मात्र माझ्या अक्षरात "सर्व चालू" असं लिहायचो. पहिल्या वर्षी हात अडला होता. साहेब म्हणाला होता, "दोन-तीन तासांचा प्रश्न आहे, एवढ्याने काय आभाळ कोसळणार आहे का?" दुसऱ्या वर्षी अडला नाही. मला यासाठी कुणी काही दिलं नाही, तसला संशय घेऊ नकोस. फक्त "भरवशाचा माणूस" म्हणायचे. आणि क्वार्टर बदलून मिळालं. आधीचं अंधारं होतं. हे मिळालं तेव्हा वहिनी किती खूश झाली होती. मोठी खिडकी, मशीन तिच्यासमोर मांडता येईल. खिडकीतून समोर चिमणी दिसायची. ती म्हणायची, "तुम्ही कामावर आहात की नाही ते मला इथूनच कळतं."

हे सगळं मी तिला सांगितलं.  यंत्राची घरघर तेवढी चालू होती. माझं संपल्यावर तिने विचारलं, "फक्त धुक्याच्या दिवशी?"

"हो. फक्त धुकं असलं की."

"धुकं असलं की उजेड कमी पडायचा," ती म्हणाली. "काळ्या दोऱ्याचा टाका दिसायचा नाही. म्हणून मी खिडकी सताड उघडून बसायचे. एरवी राखेमुळे बंदच ठेवायचे. धुक्याच्या दिवशी तेवढी उघडायचे. वाटायचं, आज हवा ओली आहे, राख बसली असेल."

 

ती उठली, नळी सावरत खिडकीपाशी गेली. आपल्या हाताने खिडकी लावली आणि कडी घातली. मग आत जाऊन पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडली. त्यानंतर दोन दिवस आमच्यात "जेवण झाकून ठेवलंय" आणि "यंत्राचं पाणी बदला" यापलीकडे बोलणं झालं नाही.

तिसऱ्या दिवशी मी रजा टाकून प्रदूषण खात्याच्या कार्यालयात गेलो. कशासाठी गेलो ते खरं सांगू? पश्चात्ताप वगैरे मोठे शब्द आहेत. मला तिने माझ्याकडे बघावं असं वाटत होतं. तिथे एक तरुण बाई होत्या टेबलावर, त्यांना वाटलं मी तक्रार घेऊन आलोय. म्हणाल्या, "कुणाविरुद्ध?" मी माझं नाव सांगितलं. त्यांनी लिहिलं आणि पुढे विचारलं, "हे तुमचं झालं. तक्रार कुणाविरुद्ध?" मी तेच नाव परत सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. मग खुर्ची दिली, पाणी दिलं. मला आठवत होत्या तेवढ्या तारखा मी लिहून दिल्या. दाट धुक्याच्या दिवशी आमच्याकडे कोळशाच्या गाड्या उशिरा लागतात, त्याची नोंद वेगळ्या वहीत असते. ती वही आणि लॉगबुक शेजारी ठेवलं की बाकीचे दिवस त्यांचे त्यांना सापडतील, तेही सांगितलं. सहा पानं झाली. शेवटी सही केली.

घरी येऊन तिला सांगितलं. मला वाटलं होतं, निदान "बरं केलंत" म्हणेल.

ती म्हणाली, "त्यांना तीन दिवसांत सांगितलंत. मला सांगायला अकरा वर्षं लागली. तेसुद्धा चिमीने विचारलं म्हणून."

पुढचं थोडक्यात. मला निलंबित केलंय. चौकशी सुरू आहे, क्वार्टर या महिनाअखेर सोडायचं आहे. शिफ्टचा साहेब समोरासमोर म्हणाला, "मी कुणाला असं काही सांगितल्याचं मला आठवत नाही." खरंच आहे, पूर्ण वाक्य तो कधी बोललाच नव्हता. बरोबरचे लोक वाटेत भेटले तर रस्ता ओलांडतात. एकजण मात्र थांबला आणि म्हणाला, "तू एकटाच धुतल्या तांदळासारखा होणार, आणि केंद्र बंद पडलं तर आम्ही काय खायचं?" त्याच्या मुलीचे गणवेश वहिनीच शिवते.  प्रदूषण खात्याचं पथक तपासणीला आलं त्या चार दिवसांत सगळे स्विच वर होते. टेबल संध्याकाळपर्यंत स्वच्छ राहिलं. मी मुद्दाम बोट फिरवून बघितलं. पथक गेल्यावर पाचव्या दिवशी धुकं नव्हतं, तरी बोटाला राख लागली. आता तिथे कोण बसतं मला माहीत नाही. तोही भरवशाचाच असेल.

आता ज्यासाठी हे पत्र लिहितोय ते.

वहिनी तिच्या भावाकडे राहायला जाते आहे. त्यांचं घर तळमजल्यावर आहे, गावाबाहेर, मागे झाडी आहे. तिला पेट्रोलचा वास आला की उबळ येते, त्यामुळे टॅक्सी नको म्हणते. तुझ्या गाडीत वास नाही आणि आत यंत्र लावता येईल असा प्लग आहे, हे तुझ्या पत्रातलं तिने मला वाचून दाखवलं. त्या अकरा वर्षांच्या बोलण्यानंतर आठ दिवसांनी ती माझ्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य. मग म्हणाली, "चिमीला विचारा, नेशील का."

तू हो म्हणशील, म्हणून सगळं आधीच लिहून ठेवतो.

या महिन्याच्या शेवटच्या शनिवारी दुपारी निघ. इथवर एकशे तीस किलोमीटर आहेत, भरलेल्या गाडीत आरामात येशील. आल्या आल्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून वायर घेऊन गाडी लाव. तिथला जाड पिनांचा प्लग मी नवा बसवलाय, अर्थिंग दोनदा तपासलंय. रात्रभरात भरेल. ती वीज अर्थातच इथलीच असणार, त्याला इलाज नाही. रविवारी सकाळी ऊन वर आल्यावर निघा, धुक्यात निघू नका. पुढे एकशे साठ किलोमीटर. ऑक्सिजनचं यंत्र वाटेत साधारण दोन युनिट वीज घेईल, म्हणजे गाडी दहा-बारा किलोमीटर कमी जाईल, एवढं मनात धर. घाटात चढावर बॅटरी भराभर उतरताना दिसेल, घाबरू नकोस, पलीकडच्या उतारावर थोडी परत भरते. तरीही ऐंशीव्या किलोमीटरवर पेट्रोल पंपाशेजारी चार्जर आहे, तिथे अर्धा तास थांबच. मी फोन करून खात्री केली आहे, तो चालू असतो. गाडी पंपापासून लांबच्या टोकाला लाव, जिकडून वारा येतो त्या बाजूला. जास्तीचा एक छोटा सिलिंडर दाराशी काढून ठेवतोय, तो सीटखाली बांध, यंत्र बंद पडलं तर. त्याची चावी डावीकडे फिरवायची. तू एकदा फिरवून बघ.

तिला मागे झोपव, उशी उंच दे. शिलाई मशीनचं डोकं तेवढं डिकीत ठेव, लोखंडी पाय इथेच राहू दे. ती म्हणेल मशीन नको. तरी ने.

मी तुम्हाला भेटणार नाही. शनिवार-रविवार मी आमच्या जुन्या वेल्डरच्या खोलीवर असेन. तिने तसं सांगितलं आहे. रागाने नाही गं, अगदी शांतपणे. म्हणाली, "तुम्ही निरोपाला दारात उभे राहिलात तर मला मनाची चढउतार सोसणार नाही. तुम्ही घरी नसलात तर बरं." मी म्हटलं, बरं. पुढे यायचं का, हे मी विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही.

निघताना घराची किल्ली शेजारच्या फिटरच्या बायकोकडे दे. दूध आणून ठेवीन.

वाटेत ती गप्प असेल. बोलायला श्वास पुरत नाही तिला, तू मनाला लावून घेऊ नकोस. पण तिने माझी चौकशी केली, तर मला कळव. नाही केली, तर तसं लिहू नकोस.

तुझा
दादा